बॅनरवरचा चेहरा आणि कोपऱ्यातली बारीक ओळ

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगड मतदारसंघातल्या मतदान यंत्रावर सुनील तटकरे हे नाव दोनदा होतं. एक राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार, दुसरे त्यांचेच नामबंधू, अपक्ष. शिवसेनेचे अनंत गीते २,११० मतांनी जिंकले आणि त्या अपक्षाच्या पदरात साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली. त्यातली चुकून पडलेली किती, हे गुप्त मतदानात कधीच कळणार नाही. पण फरकाचा आकडा आणि अपक्षाच्या मतांचा आकडा शेजारी ठेवून पाहिला की नावाचा गोंधळ केवढा महाग पडू शकतो हे दिसतं. असे प्रकार देशभर होत होते. म्हणून १ मे २०१५ पासून निवडणूक आयोगाने मतदान यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवाराचा फोटो छापायला सुरुवात केली. २०२४ ला रायगडात अनंत गीते या नावाचे अपक्ष उभे राहिले, तेव्हा निदान नावापुढे चेहरा होता. २०२५ च्या बिहार विधानसभेपासून हा फोटो रंगीत झाला, आणि फोटोच्या जागेचा तीन चतुर्थांश भाग चेहऱ्याने व्यापलेला हवा असा नियमही आला.

यंत्रावरच्या फोटोचं काम एवढंच: हा माणूस तोच, अशी खात्री देणं. रस्त्यावर, पेपरात आणि मोबाइलवर येणारे फोटो याच्या बरंच पुढे जातात. या माणसाबद्दल आपल्याला काय वाटावं, हे ते ठरवू पाहतात.

मी सिंधुदुर्गात राज्यशास्त्र शिकवते. २०२४ मध्ये आधी लोकसभा आणि मग विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात आल्या, तेव्हा मुलांना एक काम दिलं. प्रत्येकाने एक चित्र निवडायचं. बॅनर, पत्रक, बातमीतला फोटो, रील, काहीही चालेल. मग वहीत लिहायचं: यात काय दिसतं, हे कधी केलं, पैसे कोणी मोजले आणि चौकटीबाहेर काय ठेवलं. चित्र कोणत्या पक्षाचं आहे याला गुण नव्हते. पहिल्या प्रश्नाची उत्तरं भराभर आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नापाशी जवळपास सगळा वर्ग अडला, आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथेच आहे. निवडणुकीतल्या प्रत्येक चित्राला एक तारीख असते आणि एक मालक असतो. ते शोधायला कायदा काही ठिकाणी आपल्याला मदत करतो, काही ठिकाणी तो पोहोचतच नाही. कुठे काय होतं ते इथे सांगते.

चिन्ह हे पहिलं चित्र

आपल्या निवडणुकीची सुरुवातच चित्रापासून झाली. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता सुमारे १८ टक्के होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता: ज्याला नाव वाचता येत नाही त्याने मत कसं द्यायचं? १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलं. मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. छापील मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नंतर आली. पुढे आयोगातले चित्रकार एम. एस. सेठी यांनी रोजच्या वापरातल्या कितीतरी वस्तूंची चिन्हं रेखाटली. अपक्षांसाठीच्या मुक्त चिन्हांची यादी मी वर्गात दाखवते. शिवणयंत्र, सिलिंडर, पंखा हे सगळीकडचं, पण तीत नारळाची बागही आहे म्हटल्यावर मुलं एकदम सावरून बसतात.

चिन्ह किती खोल रुजतं हे कोकणाला वेगळं सांगायला नको. राजापूर मतदारसंघात बॅरिस्टर नाथ पै प्रजा समाजवादी पक्षाच्या झोपडीवर निवडून येत. अलिबागकडे शेतकरी कामगार पक्षाचा खटारा, म्हणजे बैलगाडी, घराघरांत ओळखीचा. १९९६ ला सुरेश प्रभू शिवसेनेचे खासदार झाले तेव्हापासून धनुष्यबाण आमच्या भागातल्या प्रत्येक लोकसभेला होता. मग शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिलं. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे मशाल आली. आणि ७ मे २०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान झालं तेव्हा महायुतीतून ही जागा भाजपने लढवली असल्यामुळे यंत्रावर कमळ होतं, मशाल होती, धनुष्यबाण नव्हताच.

एका मुलीने नेमकं हेच वहीत लिहिलं होतं. तिच्या आजीला मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत घरचे समजावत होते, आणि आजी विचारत राहिली, "माझो बाण खंय गेलो?" मुलीने पुढे लिहिलं की आजीला दोन्ही नेत्यांची नावं आणि भांडणही पाठ होतं, तिचं अडत होतं ते बोटापाशी. बोटाला चित्राची सवय असते. हे वाक्य मला पाठ्यपुस्तकात घालावंसं वाटतं.

त्याच निवडणुकीत घाटावर उलटं घडलं. शरद पवार यांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे नवं चिन्ह मिळालं होतं आणि अनेक मतदारसंघांत एखाद्या अपक्षाकडे ट्रम्पेट होतं, ज्याचं मराठी यादीतलं नावही तुतारी असंच होतं. दिंडोरीत अशा अपक्षाला एक लाखाहून जास्त मतं पडली. साताऱ्यात अपक्षाची मतं जय-पराजयातल्या फरकापेक्षा जास्त भरली. माणूस बदलला, पक्ष बदलला, तरी डोळा आधी चित्र शोधतो. बाकी सगळा प्रचार या सवयीच्या पायावर उभा असतो.

बॅनर कसा मांडलेला असतो

खारेपाटणला जिल्ह्यात शिरल्यापासून झारापपर्यंत महामार्गाच्या कडेने बॅनर मोजत जायचा उद्योग आमच्या मुलांनी केला आहे. त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक बॅनर एकाच साच्यातले. वरच्या पट्टीत छोट्या वर्तुळांत मोठे नेते. मधे कंबरेपासून वर उमेदवार, हात जोडलेले किंवा एक हात उंचावलेला. खाली 'शुभेच्छुक' म्हणून गावातल्या कार्यकर्त्यांची रांग. वर्तुळातल्या नेत्यांचा क्रम कधीच सहज लागलेला नसतो. कोण डावीकडे, कोण जरा मोठा, कोणाचा फोटो या वेळी गायब, यावरून पक्षातली आणि युतीतली हवा कळते. कॅमेरा थोडा खालून लावला की माणूस उंच आणि ठाम वाटतो. समोरासमोर धरून चेहऱ्यावर हसू ठेवलं की घरचा वाटतो. नजर आपल्याकडे असेल तर तो आपल्याशी बोलतोय असं वाटतं, नजर दूर आभाळाकडे असेल तर तो 'भविष्य' पाहतोय असं आपण समजतो. हे कसब जाहिरातीतून आलेलं आहे आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. फक्त ते कसब आहे हे आपल्याला माहीत असावं.

एका विद्यार्थ्याचा भाऊ फ्लेक्स छापायच्या दुकानात कोरल ड्रॉवर, म्हणजे बॅनर जुळवायच्या संगणक प्रणालीवर, बसतो. त्याच्याकडून मुलाला कळलं की निवडणुकीच्या दिवसांत संगणकावर प्रत्येक नेत्याचे पार्श्वभूमी कापलेले फोटो तयार ठेवलेले असतात. पट्टी उचलायची, चेहरे बसवायचे, नाव बदलायचं. सर्वांत जास्त फोन मजकुरावरून येत नाहीत. 'आमचा फोटो त्यांच्यापेक्षा बारीक का?' यावरून येतात. हे ऐकल्यावर वर्गातल्या बऱ्याच जणांना बॅनरची खालची रांग वेगळी दिसू लागली. ती रांग मतदारासाठी असते तितकीच पक्षातल्या वरच्यांसाठी असते. तिकीट, पद, पुढची निवडणूक, हे सगळं त्या रांगेत उभं असतं.

पार्श्वभूमीला आमच्याकडे समुद्र, होडी, किल्ला, आंबा आणि रस्ता. रस्ता सर्वांत जास्त. कुडाळ तालुक्यातल्या एका मुलाने विकासकामांच्या पत्रकावरचा गुळगुळीत रस्ता दाखवून मला सांगितलं, "मॅडम, ह्यो रस्तो आमच्या गावचो नाय." मग कोणाचा? मी त्याला गूगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून तोच फोटो इंटरनेटवर शोधणाऱ्या सोयीवर, टाकून बघायला सांगितलं. तोच रस्ता जाहिरातींसाठी फोटो विकणाऱ्या एका परदेशी संकेतस्थळावर सापडला. त्या मुलाच्या गावचा रस्ता खरोखर झालेला होता, त्याचा खरा फोटोही सहज काढता आला असता. कदाचित पत्रक करणाऱ्याला तेवढाही वेळ नव्हता. पण ज्या कामाचं श्रेय मागायचं, त्याचा फोटो दुसऱ्या देशातला, ही गोष्ट मतदार म्हणून मला गंभीर वाटते. आपल्या गावाकडे न बघताच आपल्या गावाबद्दल बोललं जातंय, असा तिचा अर्थ होतो.

मुलींनी आणखी एक गोष्ट टिपली. राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण जुन्या निवडणुकांची जी पत्रकं मुलींनी घरातून शोधून आणली, त्यात बऱ्याच ठिकाणी उमेदवार बाईच्या शेजारी नवऱ्याचा फोटो होता आणि एका पत्रकावर तर तो तिच्यापेक्षा मोठा होता. नाव तिचं, चेहरा त्याचा. आरक्षणाबद्दल तासभर बोलूनही जे कळलं नसतं ते त्या पत्रकाने सांगितलं.

देवाचा फोटो हा नाजूक विषय. कोकणात प्रचाराची सुरुवात ग्रामदेवतेला नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवापुढे मागणं मांडून होते, आणि त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. उमेदवाराने देवळात जाणं हा गुन्हा नाही. आचारसंहिता सांगते ती गोष्ट अशी की कोणत्याही प्रार्थनास्थळाचा वापर प्रचाराचं व्यासपीठ म्हणून करू नये. आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट मार्ग आहे. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याचा अर्थ आणखी रुंद केला: धर्म किंवा जात उमेदवाराची असो वा मतदाराची, तिच्या नावाने मत मागता येणार नाही. म्हणजे गाऱ्हाण्याच्या फोटोखाली काय लिहिलंय हे पाहावं लागतं. फोटो एकटा कधी कधी निर्दोष असतो, त्याखालची ओळ नसते.

तारखेने काय बदलतं

२०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. त्याच्या आठवडाभर आधीपासून महामार्गावर, कणकवली आणि कुडाळ स्टेशनांच्या बाहेर 'चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत' असे बॅनर लागले. विधानसभा निवडणूक जाहीर झाली १५ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. मुलांचा प्रश्न होता: हे स्वागताचे बॅनर उमेदवाराच्या खर्चात धरले का?

नाही. कारण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराचा खर्च मोजायला सुरुवात होते तो अर्ज भरेल त्या दिवसापासून, आणि मोजणी संपते निकालाच्या दिवशी. विधानसभेला मोठ्या राज्यात ही मर्यादा ४० लाख रुपये आहे, लोकसभेला ९५ लाख. गणपतीतला बॅनर या खिडकीच्या बाहेर पडतो. शिवाय त्यावर मत मागितलेलं नसतं, बाप्पा असतो, स्वागत असतं, आणि एक चेहरा असतो. तो चेहरा दोन महिन्यांनी यंत्रावर दिसणार हे गावातल्या पोरालाही माहीत असतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती शुभेच्छा. या त्रुटीवर सोपा उपाय मला दिसत नाही, कारण सणाच्या शुभेच्छांवर बंदी घालणं कोणालाच पटणार नाही. पण वाचणाऱ्याने तारीख लावून वाचावं. ज्या वर्षी निवडणूक नसते त्या वर्षी किती चेहरे चाकरमान्यांचं स्वागत करतात, हे मुलांना पुढच्या वर्षांसाठीचं काम दिलं आहे.

निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता लागू होते आणि चित्रं उतरू लागतात. नियम असा आहे की सरकारी आवारातला राजकीय मजकूर २४ तासांत, एसटी स्टँड, पूल, विजेचे खांब अशा सार्वजनिक जागांवरचा ४८ तासांत आणि खासगी जागेवरचा विनापरवाना मजकूर ७२ तासांत काढायचा. भूमिपूजनाच्या कोनशिलांवर कागद चिकटतात, सरकारी योजनांच्या फलकावरचे चेहरे झाकले जातात. झाकलेला फलक पाहून मुलांना प्रथमच जाणवलं की तो आधी तिथे होता. रोज त्याच स्टँडवरून जाताना सरकारी पैशाने लावलेला चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता, म्हणजे पाहत होती पण नोंद होत नव्हती. असं नकळत दिसत राहणंच सर्वांत परिणामकारक असतं, असं मी त्यांना सांगितलं.

खर्चाच्या हिशोबात फोटोला प्रत्यक्ष किंमत असते, हेही थोडं सांगायला हवं. पक्षाच्या खर्चाला कायद्यात मर्यादा नाही. मर्यादा फक्त उमेदवाराला. मान्यताप्राप्त पक्ष ४० पर्यंत स्टार प्रचारक नेमू शकतो आणि त्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात येत नाही. पण त्या सभेत उमेदवार व्यासपीठावर बसला, किंवा सभेच्या ठिकाणी त्याचं नाव वा फोटो असलेला बॅनर लागला, की सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या नावावर चढतो. म्हणून कधी कधी मोठ्या सभेत सगळीकडे फक्त पक्षाचा झेंडा आणि मोठ्या नेत्याचा चेहरा दिसतो, स्थानिक उमेदवाराचा नाही. फोटो नसण्यामागेही हिशोब असू शकतो.

पैसे कोणाचे

आता शीर्षकातली ती बारीक ओळ. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ क नुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव आणि पत्ता छापणं बंधनकारक आहे. छापायच्या आधी प्रकाशकाने आपली ओळख सांगणारं, दोन परिचितांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र छापखान्याला द्यायचं. छापखान्याने ते आणि छापलेल्या पत्रकाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची, सोबत किती प्रती काढल्या आणि किती पैसे घेतले तेही कळवायचं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम आज कोणाला भीती घालेल अशी नाही, ती वाढायला हवी. पण ओळ मोलाची आहे. निनावी पत्रकाने कोणाच्याही अंगावर काहीही उडवता येतं. नाव-पत्ता असला की उत्तर द्यायला कोणीतरी असतो.

मुलांनी पत्रकं उलटून पाहिली. मोठ्या पक्षांच्या पत्रकांवर ओळ होती, डोळे ताणून वाचावी इतकी बारीक. ओळ नसलेली पत्रकं जवळपास सगळी एका प्रकारची होती: स्वतःसाठी मत न मागणारी, फक्त समोरच्याची बदनामी करणारी, आणि मतदानाच्या आदल्या रात्री दारात सरकवलेली.

पेपरातलं चित्र अधिक अवघड, कारण तिथे मालक लपवता येतो. २००९ च्या निवडणुकांनंतर महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची मोठी चर्चा झाली. प्रेस कौन्सिलने नेमलेल्या उपसमितीने २०१० मध्ये त्यावर सविस्तर अहवाल लिहिला. त्यानंतर जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन आणि संनियंत्रण समित्या उभ्या राहिल्या. पैसे देऊन आलेली बातमी ठरली तर जाहिरातीच्या दराने तिचा खर्च उमेदवाराच्या नावावर टाकता येतो. ती ओळखायची कशी? मुलांनी दोन दैनिकं शेजारी ठेवून वाचली. एकाच दिवशी, एकाच मथळ्याने, एकाच फोटोसह, वार्ताहराचं नाव नसलेला मजकूर दोन्हीकडे आला तर संशय घ्यावा. बातमीत उमेदवाराला 'प्रचंड प्रतिसाद' आहे पण गावाचं नाव, वेळ, किती माणसं, कोण काय बोललं यातलं काहीच नाही, तरीही घ्यावा. तालुक्याच्या वार्ताहराचं पोट बरेचदा जाहिराती आणून मिळणाऱ्या कमिशनवर चालतं, हे मुलांना सांगणं मला आवश्यक वाटतं. दोष एकट्या त्या माणसाच्या माथी मारून प्रश्न सुटत नाही.

टीव्हीवरच्या प्रचाराच्या जाहिराती दाखवण्याआधी समितीकडून प्रमाणित करून घ्याव्या लागतात, सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ च्या आदेशापासून. छापील जाहिरातींना ही अट मतदानाच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी लागते, कारण उशिरा आलेल्या खोट्याला उत्तर द्यायला वेळ उरत नाही.

राजकोटचे फोटो

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या पुतळ्याबद्दल लिहिल्याशिवाय आमच्या वर्गाची गोष्ट पुरी होणार नाही. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांनी माफी मागितली, १ सप्टेंबरला विरोधकांनी मुंबईत मोर्चा काढला, आणि विधानसभेच्या प्रचारात पुतळ्याचा विषय राहिला. मे २०२५ मध्ये त्याच जागी नवा, आणखी उंच पुतळा उभा राहिला.

एकाच जागेचे तीन फोटो तीन गोष्टी सांगतात, आणि तिन्ही खरे. पुतळा पडला तेव्हा वर्गात वातावरण तापलेलं होतं, घरचे पक्ष वेगवेगळे, मुलांचे आवाज चढत होते. मी त्यांना फक्त प्रत्येक फोटोखाली तारीख लिहायला लावली, आणि तो कोणी, कोणत्या दिवशी पुन्हा पाठवला तेही. एकजण उभा राहून म्हणाला, की आमचं घर मालवणात आहे, मला दोन्ही बाजूंच्या पोस्टमध्ये आमचा किल्ला दिसला पण आमचं दुःख कुठेच दिसलं नाही. पडलेल्या पुतळ्याकडे पाहून त्याच्या आईने दोन दिवस चूल नीट पेटवली नव्हती. चौकटीबाहेर काय ठेवलं या चौथ्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला दुसऱ्या कोणाकडून मिळालेलं नाही.

मोबाइलवर कायदा कुठे थांबतो

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबवर पैसे देऊन केलेली राजकीय जाहिरात शोधता येते. मेटाची जाहिरात लायब्ररी आणि गूगलचं जाहिरात पारदर्शकता केंद्र कोणालाही मोफत उघडतं. जाहिरात कोणी दिली, साधारण किती रुपये लावले, कधीपासून कधीपर्यंत दाखवली, हे तिथे दिसतं. मुलांना हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. अर्ज भरताना उमेदवाराला आपली समाजमाध्यमांवरची खातीही जाहीर करावी लागतात, आणि मजकूर बनवणाऱ्यांना, खाती सांभाळणाऱ्यांना दिलेला पैसा निवडणूक खर्चात धरला जातो.

पण एखाद्याने स्वतःच्या खात्यावर स्वतः टाकलेली पोस्ट आयोग जाहिरात मानत नाही, आणि तसं न मानणंच योग्य आहे. बोलण्याचा हक्क सगळ्यांना आहे. अडचण अशी की कार्यकर्ता, पगारी माणूस आणि साधा गावकरी यांच्या पोस्ट बाहेरून अगदी सारख्या दिसतात. व्हॉट्सॲपवर तर लायब्ररीच नाही, निरोप बंद पाकिटातून जातात. तिथे हाताशी उरते एकच खूण: पाच किंवा जास्त हातांतून पुढे आलेल्या निरोपावर दुहेरी बाण दिसतो. असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. दुहेरी बाण म्हणजे खोटं असं नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की निरोप पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या चित्रांसाठी आयोगाने एकेक पाऊल टाकलं आहे. मे २०२४ मध्ये पक्षांना सांगितलं की खोटी बनवलेली चित्रफीत लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. जानेवारी २०२५ मध्ये अशा मजकुरावर स्पष्ट लेबल लावायला सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या लेबलचं मापही ठरवलं: दिसणाऱ्या भागाच्या किमान १० टक्के, आणि आवाज असेल तर सुरुवातीच्या १० टक्के वेळात. पण ही बंधनं पक्षांवर, उमेदवारांवर आणि त्यांच्या प्रचारकांवर आहेत. मुंबईच्या मामाने गावाच्या ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओवर लेबल कोण लावणार? तिथे शेवटी घरातल्याच कोणीतरी विचारावं लागतं: मामा, ह्या कधीचा आणि कुणी केलेला?

आचारसंहितेचा भंग दिसला तर भारत निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल हे ॲप आहे. त्यावर आलेल्या तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही करायची, असं त्याचं उद्दिष्ट आहे. मला त्यातली एक अट फार आवडते. गॅलरीतला जुना फोटो तिथे चालत नाही. फोटो ॲपमधूनच, त्या जागेवर उभं राहून काढावा लागतो, म्हणजे वेळ आणि ठिकाण आपोआप सोबत जातं. हे ॲप लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांसाठी आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करावी. पत्रक जपून ठेवा, मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, ते कोणत्या दिवशी, कोणाकडून हातात आलं ते त्यावरच पेनाने लिहा. मुद्रक-प्रकाशकाची ओळ नसेल तर तक्रारीत आधी तेच लिहा, कारण ते सिद्ध करायला पत्रकाशिवाय दुसरा पुरावा लागत नाही.